धावून थांबल्यावर लागणारी धाप : बालदम्यातील औषधनिवडीचे एक प्रकरण

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले होते, पहाटेच्या हवेत थंडी आणि धूर दोन्ही उतरू लागले होते, आणि सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी याच सुमारास होते तशी दवाखान्यात खोकणाऱ्या मुलांची गर्दी वाढली होती. त्या गर्दीत दहा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. वजन २८ किलो, उंची १३४ सेंटिमीटर, शाळेच्या खो-खो संघातली भरवशाची धावपटू. तिची ओळख पटेल असा तपशील या लेखात ठेवलेला नाही.

आईने तक्रार सांगितली ती अशी : "डॉक्टर, पळताना तिला काही होत नाही हो. पळून थांबली की मग धाप लागते, आणि खोकला थांबता थांबत नाही."

या एका वाक्यात निदानाचा निम्मा भाग होता. नुसता सराव कमी पडलेल्या मुलाला धावतानाच दम लागतो आणि थांबल्यावर तो उतरत जातो. व्यायामामुळे श्वासनलिका आवळणाऱ्या मुलाचे उलटे असते. धावताना ते बऱ्यापैकी तग धरते आणि थांबल्यानंतर पाच ते दहा मिनिटांनी त्याचा त्रास शिगेला पोहोचतो, मग अर्ध्या ते एका तासात आपोआप ओसरतो. धावताना मूल तोंडाने आणि वेगाने श्वास घेते, त्यामुळे हवा गरम आणि ओलसर करण्याचे नाकाचे काम टळते, कोरडी हवा थेट खाली उतरते आणि श्वासनलिकेच्या आतल्या पातळ द्रवथरातले पाणी उडून जाते. उरलेला थर अधिक खारट होतो, त्यामुळे तिथल्या मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी, चाळवल्या जातात, त्यांतून हिस्टामिन, ल्युकोट्रिन, प्रोस्टाग्लँडिन अशी द्रव्ये सुटतात आणि नलिकेभोवतीचा स्नायू आवळतो. सलग सहा ते आठ मिनिटांची जोरदार धाव ही या घटनेला सर्वांत पोषक असते. थंड, कोरड्या, धुळीच्या पहाटे खो-खोचा सराव म्हणजे तर सगळ्या गोष्टी एकत्र जुळून येणे.

पिशवीतली औषधे

आधीची औषधे घेऊन या, असे मी पालकांना नेहमी सांगतो. या आईने कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या निघाल्या. दोन अर्ध्या होत्या आणि तिसरीचे झाकण चिकटून बसले होते. मॉन्टेलुकास्ट आणि लेवोसेट्रिझिन ही ॲलर्जीवरची औषधे एकत्र असलेल्या गोळ्यांची एक पट्टी होती. आणि रुमालात गुंडाळलेला सालब्युटामॉलचा निळा पंप होता, त्याच्यासोबत स्पेसर, म्हणजे फवारा साठवून सावकाश श्वासात घेता यावा म्हणून पंपाला जोडायची पोकळ नळी, नव्हता.

सहाव्या वर्षापासूनचा इतिहास त्या पिशवीत होता. दर हिवाळ्यात आणि पहिल्या पावसात सर्दी, तिच्यामागून रात्रीचा खोकला, छातीत घुरघुर, दवाखान्यात वाफ, प्रतिजैविकांचा एखादा कोर्स, आणि गेल्या वर्षभरात दोन वेळा पाच-पाच दिवस तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. आईला लहानपणी दम्याचा त्रास होता आणि मुलीला स्वतःला बाळपणी कोपराच्या व गुडघ्याच्या घडीत इसब होता. एवढे सगळे असूनही 'दमा' हा शब्द तिच्या एकाही कागदावर नव्हता. कुठे 'ॲलर्जिक खोकला' असे लिहिले होते, कुठे 'ब्राँकायटिस'. पालक घाबरू नयेत म्हणून डॉक्टर मंडळी हा शब्द टाळतात, त्यामागची भावना मला कळते. पण शब्द टळला की रोजचे प्रतिबंधक औषधही टळते आणि मूल वर्षानुवर्षे फक्त तात्पुरत्या उपायांवर राहते. या मुलीचे तेच झाले होते.

खोकल्याच्या तीनपैकी दोन बाटल्यांत टर्ब्युटालिन होते. ते सालब्युटामॉलच्याच कुळातले श्वासनलिका रुंदावणारे औषध आहे. तोंडावाटे घेतल्यावर ते रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि फुप्फुसापर्यंत मात्र थोडेच पोहोचते. आई म्हणाली की औषध पाजल्यावर मुलीच्या बोटांना कंप सुटायचा आणि घरात सगळ्यांना वाटायचे की अशक्तपणा आहे.

मी मुलीला पंप घेऊन दाखवायला सांगितले. तिने तो न हलवताच तोंडात धरला, दाबला आणि श्वास आत घेतला तो दोन क्षणांनी. औषधाचा पांढरा फवारा तिच्या ओठांच्या कोपऱ्यांतून बाहेर आला आणि उरलेला तिने गिळला. गेले सात महिने ती सामन्यांआधी असाच पंप मारत होती आणि तरीही दम लागतो म्हणून क्रीडाशिक्षकांनी तिला राखीव खेळाडूंत बसवायला सुरुवात केली होती.

मैदानावरची चाचणी

स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याच्या चाचणीत, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा १.३८ लिटर भरली, म्हणजे तिच्या उंचीच्या मानाने अपेक्षित असलेल्या आकड्याच्या सुमारे ८४ टक्के. ही हवा आणि एकूण उच्छ्वास यांचे गुणोत्तर ०.७६ आले. निरोगी मुलांत ते साधारण ०.९० च्या वर असते. स्पेसरमधून सालब्युटामॉल दिल्यावर पंधरा मिनिटांनी तोच आकडा १.५८ लिटर झाला. म्हणजे १४ टक्क्यांची वाढ. अडथळा होता आणि तो औषधाने सुटत होता.

ट्रेडमिलवरची चाचणी करायची तर मोठ्या शहरात जावे लागले असते. म्हणून मी पीक फ्लो मीटर, म्हणजे जोराने फुंकलेल्या हवेचा वेग मोजणारे छोटे उपकरण, घेऊन सकाळी पावणेसातला शाळेच्या मैदानावर गेलो. क्रीडाशिक्षकांनी मनापासून मदत केली. खेळण्याआधी तिने तीनदा फुंकून दाखवले आणि त्यातला सर्वोत्तम आकडा मिनिटाला २५० लिटर आला. १३४ सेंटिमीटर उंचीच्या मुलीकडून साधारण २७० अपेक्षित असतात. मग शिट्टी झाली आणि तिने मैदानाला सहा मिनिटे फेऱ्या मारल्या. धावताना तिचा चेहरा खुललेला होता. थांबली तेव्हाही ती हसत होती. चौथ्या मिनिटाला तिने हात गुडघ्यांवर टेकले, आणि मग तो कोरडा, आखूड, एकामागोमाग एक येणारा खोकला सुरू झाला. पाचव्या मिनिटाला मीटरवर १९० दिसले, दहाव्या मिनिटाला १७५. स्टेथोस्कोप लावला तर उच्छ्वासाला दोन्ही बाजूंना शिट्टीसारखे आवाज होते. मुलांमध्ये व्यायामानंतर पीक फ्लो १५ टक्क्यांहून अधिक घसरला तर चाचणी सकारात्मक धरतात. इथे घसरण ३० टक्के होती. मी तिथेच स्पेसरमधून सालब्युटामॉल दिले आणि अर्ध्या तासाने आकडा २४० वर आला.

स्वरयंत्राचा अडथळा हे एक साम्य असलेले दुखणे डोळ्यांसमोर ठेवावे लागते. त्यात त्रास धाव ऐन भरात असताना येतो, आवाज श्वास आत घेताना घशाशी येतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळे निवळते. पंपाचा त्यात उपयोग होत नाही. इथे तसे काही नव्हते. हृदयाचे ठोके आणि आवाज तपासले, हिमोग्लोबिन पाहिले. दोन्ही ठीक होते.

निदान असे मांडले : दमा, नियंत्रणात नसलेला, आणि व्यायाम हे त्याचे सर्वांत ठळक निमित्त. मांडणीतला हा क्रम महत्त्वाचा आहे. काही मुलांना, विशेषतः खेळाडूंना, एरवी दम्याचे कोणतेही लक्षण नसताना केवळ व्यायामाने श्वासनलिका आवळण्याचा त्रास होतो. पण ज्या मुलाला रात्री खोकला येतो, सर्दीमागून घुरघुर लागते आणि विश्रांतीच्या वेळीही स्पायरोमेट्रीत अडथळा दिसतो, त्याची मैदानावरची धाप हा वेगळा आजार नसतो. श्वासनलिकेला आधीच सूज असते आणि धाव ती उघड करते. 'खेळायच्या आधी काय द्यायचे' हा आईचा प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर 'रोज काय द्यायचे' या प्रश्नात होते.

पर्याय आणि त्यांची तुलना

औषधांची तुलना करताना पालक 'कोणते स्ट्राँग' असे विचारतात. मी त्यांना औषध कशावर काम करते, किती वेळ काम करते आणि त्याची किंमत शरीर कशाने मोजते हे पाहायला सांगतो.

सालब्युटामॉल आवळलेला स्नायू सैल करते. पाच मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. खेळाआधी पंधरा मिनिटे दोन पफ, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम, घेतले तर पुढचे दोन-चार तास बहुतेक मुलांना चांगले संरक्षण मिळते. व्यायामाआधी एकदाच घ्यायच्या औषधांत याच्या तोडीचे दुसरे नाही. मात्र सुजेवर ते काहीच करत नाही. शिवाय ते रोज घेतले तर स्नायूवरचे त्याचे ग्राही, म्हणजे औषध जिथे जोडले जाते त्या जागा, कमी होत जातात, संरक्षणाचा काळ आखडतो आणि त्रास झाल्यावर मिळणारा उतारही मंदावतो. आठवड्यात एखादा सामना खेळणाऱ्या मुलाला हा तोटा जाणवणार नाही. आठवड्यातून सहा दिवस सराव करणाऱ्या या मुलीला तो नक्की जाणवला असता. जागतिक दमा उपक्रमाच्या, म्हणजे 'जिना'च्या मार्गदर्शनातही २०१९ पासून बारा वर्षांवरील कोणत्याही रुग्णाला केवळ सालब्युटामॉलवर ठेवू नये अशी स्पष्ट भूमिका आहे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांतही, आजार अगदी सौम्य असला तरी, सालब्युटामॉल घेतले जाईल तेव्हा सोबत श्वासावाटे स्टिरॉइड द्यावे असे ते मार्गदर्शन सांगते.

मॉन्टेलुकास्टवर थोडे थांबावे लागेल, कारण आपल्याकडे ते फार सहज लिहिले जाते. गोळी आहे, चघळता येते, गोड लागते, दिवसातून एकदा पुरते, 'पंप' हा शब्द उच्चारावा लागत नाही. ते ल्युकोट्रिनचा मार्ग अडवते, त्यामुळे व्यायामानंतरच्या आकुंचनावर त्याचा परिणाम होतो यात शंका नाही. ते खेळाच्या किमान दोन तास आधी घ्यावे लागते, परिणाम चोवीस तासांपर्यंत राहतो आणि रोज घेतले तरी सालब्युटामॉलसारखा बोथट होत नाही. हे त्याचे खरे गुण आहेत. पण संरक्षण अपुरे असते आणि मुलागणिक बदलते. काहींना उत्तम, काहींना जेमतेम, काहींना शून्य. रोजचे प्रतिबंधक औषध म्हणूनही श्वासावाटेच्या स्टिरॉइडपुढे ते सरासरीने कमीच ठरते.

आणि त्याची एक किंमत आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधाच्या वेष्टनावर आपला सर्वांत कडक, चौकटीतला इशारा घालायला लावला. भीतिदायक स्वप्ने, चिडचिड, उदासी, वागण्यातले बदल, क्वचित आत्मघाताचे विचार असे मानसिक परिणाम त्यात नोंदले आहेत. बहुतेक मुलांना यातले काही होत नाही. पण विचारल्याशिवाय पालक सांगत नाहीत, कारण गोळीचा आणि स्वप्नांचा संबंध कुणाच्या मनातच येत नाही.

मी विचारले, "ताई, हिची झोप कशी आहे?" आई क्षणभर मुलीकडे पाहत राहिली. मग तिने सांगितले की एप्रिलपासून मुलगी आठवड्यातून तीन-चार रात्री ओरडत उठते, भिंतीतून कुणी येते म्हणते, एकटी झोपायला तयार नसते, आणि दिवसा साध्या गोष्टीवरून रडते. आजीने दोनदा दृष्ट काढली होती. शाळा बदलल्याचा परिणाम असेल, असे वडिलांना वाटत होते. गोळी सुरू झाली होती मार्चच्या शेवटी. मुलगी हे सगळे ऐकत होती आणि खुर्चीच्या कडेला बोटाने रेघा ओढत होती. तिने हळूच विचारले, "डॉक्टरकाका, ते गोळीमुळे होतं का?" मी म्हणालो की असू शकते, आणि त्यात तुझी काही चूक नाही.

एका मुलीच्या अनुभवावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिच्यापुरता निर्णय घ्यायला इतका पुरावा पुरेसा होता.

श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड, जसे ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, सुजेच्या मुळावर काम करते. खेळाआधी एकदा घेऊन त्याचा व्यवहारात उपयोग नाही. रोज घेतले तर आठवड्या-दोन आठवड्यांत फरक जाणवू लागतो आणि पुढचे काही आठवडे तो वाढत जातो. अनेक मुलांची व्यायामानंतरची घसरण केवळ याने इतकी कमी होते की खेळाआधी काही घ्यावेच लागत नाही.

आईला भीती होती ती वाढ खुंटण्याची. ही भीती खोडून काढण्याची नाही, तिचे माप देण्याची आहे. अमेरिकेत पाच ते बारा वर्षांच्या १,०४१ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड चार ते सहा वर्षे घेणाऱ्या मुलांची उंची प्रौढपणी, हे औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. फरक आहे, तो मुख्यतः पहिल्या एक-दोन वर्षांत पडतो आणि नंतर वाढत जात नाही. मी तिला देणार होतो ती मात्रा याच्या निम्मी होती. मग मी कागदावर दुसरा हिशेब मांडला. गेल्या वर्षी तिने पाच दिवसांचा प्रेडनिसोलोनचा जो एक कोर्स घेतला होता, त्यात रोज ३० मिलिग्रॅमप्रमाणे १५० मिलिग्रॅम स्टिरॉइड पोटात गेले. रोजच्या २०० मायक्रोग्रॅमच्या पंपाने तेवढे वजन भरायला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. ब्युडेसोनाइड वजनाला वजन अधिक प्रभावी असल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, आणि तसे मी आईला सांगितलेही. पण 'पंपात स्टिरॉइड आहे म्हणून नको' म्हणताना वर्षाला दोनदा कितीतरी जास्त स्टिरॉइड पोटात जात होते, हे तिच्या लक्षात आले.

दीर्घकाळ टिकणारी स्नायू सैल करणारी औषधे, म्हणजे साल्मेटेरॉल आणि फॉर्मोटेरॉल, ही स्टिरॉइडशिवाय एकटी कधीही द्यायची नाहीत. स्टिरॉइडबरोबर एकाच पंपात दिली तर ती सुरक्षित आहेत, हे चार ते अकरा वर्षांच्या सहा हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. त्यानंतर या जोडीवरचा चौकटीतला इशारा २०१७ मध्ये काढला गेला. कमी मात्रेच्या स्टिरॉइडने भागत नसेल तर पुढची पायरी कोणती, याचा शोध घेणारा २०१० चा एक सुंदर अभ्यास आहे. त्यात सहा ते सतरा वर्षांच्या १८२ मुलांना आळीपाळीने तीन उपाय दिले : स्टिरॉइडची मात्रा वाढवणे, दीर्घकालीन औषधाची जोड देणे, किंवा मॉन्टेलुकास्टची जोड देणे. दीर्घकालीन औषधाची जोड सर्वाधिक मुलांना मानवली, पण काही मुलांना मात्रा वाढवणेच आणि काहींना मॉन्टेलुकास्टच लागू पडले. सरासरीने जिंकणारे औषध समोर बसलेल्या मुलाचे असेलच असे नाही, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे मांडणारे अभ्यास थोडे आहेत.

ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकाच पंपातून रोज आणि गरजेलाही घेण्याची पद्धत सहा ते अकरा वयोगटातही 'जिना'च्या उपचारक्रमातल्या तिसऱ्या पायरीवर मान्य आहे. फॉर्मोटेरॉलचा परिणाम सालब्युटामॉलइतकाच लवकर सुरू होतो म्हणून हे साधते. साल्मेटेरॉलने साधत नाही. हा पर्याय मी राखून ठेवला. थिओफिलिन आणि तत्सम गोळ्यांना या वयात जागा नाही. सोडियम क्रोमोग्लायकेट खेळाआधी घेण्यासाठी पूर्वी वापरले जाई. ते निर्धोक होते, पण सालब्युटामॉलपेक्षा दुबळे, आणि आता फारसे वापरात नाही.

काय ठरले, काय घडले

मॉन्टेलुकास्टची गोळी आणि खोकल्याच्या बाटल्या बंद केल्या. ब्युडेसोनाइड १०० मायक्रोग्रॅम सकाळ-संध्याकाळ स्पेसरमधून सुरू केले. सरावाआधी पंधरा मिनिटे सालब्युटामॉलचे दोन पफ, तेही स्पेसरमधून, काही आठवड्यांपुरते ठेवले. स्पेसरचे तंत्र तिघींना शिकवले, मुलगी, आई आणि आजी. पंप हलवायचा, एका वेळी एकच पफ, पाच-सहा संथ श्वास, मग दुसरा पफ. ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरून थुंकायची. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही, कारण घासल्याने प्लॅस्टिकवर विद्युतभार साठतो आणि औषध भिंतीलाच चिकटते. "पंपाची सवय लागते म्हणतात," आजी म्हणाल्या. मी म्हणालो, "आजी, चष्मा लावल्याने डोळ्यांना सवय लागत नाही, दिसायला लागतं." त्यांनी स्वतःचा चष्मा सारखा केला आणि पंप हातात घेऊन पाहिला.

घरी लावायला एक कागद लिहून दिला. धाप लागली तर सालब्युटामॉलचे चार पफ, वीस मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार आणि लगेच रुग्णालयाकडे निघायचे. मूल एक वाक्य एका दमात बोलू शकत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता पफ देत देतच निघायचे.

दोन आठवड्यांनी आईचा फोन आला. मुलगी आजीजवळ नव्हे, स्वतःच्या अंथरुणावर झोपत होती आणि गेल्या आठ दिवसांत एकदाही ओरडून उठली नव्हती. गोळी पुन्हा देऊन पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

चार आठवड्यांनी मैदानावर पुन्हा तीच सहा मिनिटांची धाव झाली. त्या सकाळी आधीचा सालब्युटामॉल मुद्दाम दिला नव्हता. २६५ वरून आकडा २२५ वर आला, म्हणजे १५ टक्क्यांची घसरण. सुधारणा होती, पण माझ्या अपेक्षेइतकी नव्हती. इथे पुढची पायरी चढण्याचा मोह होतो. फॉर्मोटेरॉलची जोड द्यावी असे माझ्याही मनात आले. त्याआधी मी पंपाच्या मागचा मोजणीचा आकडा पाहिला. २०० पफच्या नव्या पंपातून २८ दिवसांत ५६ पफ जायला हवे होते. पंपावर शिल्लक १६८ दिसत होती, म्हणजे गेले होते फक्त ३२.

मुलीने खाली मान घातली. संध्याकाळच्या वेळी चुलतभाऊ घरात असत, ते 'म्हातारीचा पंप' म्हणून चिडवत, म्हणून ती 'घेतला' म्हणून सांगे. मी तिला रागावलो नाही. रागावल्याने पुढच्या वेळी मोजणीचा आकडा बरोबर येतो, कारण औषध हवेत फवारले जाते. आम्ही वेळा बदलल्या. पंप दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवला, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी, घासण्याच्या आधी. चूळ भरण्याचे कामही त्यातच झाले. औषध तेच, मात्रा तीच.

क्रीडाशिक्षकांच्या मनात वेगळी शंका होती. "पंप घेतला तर पुढे मोठ्या स्पर्धेत मुलगी बाद होईल का?" जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांत श्वासावाटे घेतलेल्या सालब्युटामॉलला चोवीस तासांत १,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि कोणत्याही आठ तासांत ६०० पर्यंत, मुभा आहे. तिची सरावाआधीची मात्रा २०० होती. श्वासावाटेचे स्टिरॉइड नेहमीच्या मात्रेत चालते. मॉन्टेलुकास्टही बंदीत नाही. बंदी आहे ती तोंडावाटे घेतलेल्या सालब्युटामॉलवर आणि कोणत्याही मार्गाने घेतलेल्या टर्ब्युटालिनवर, म्हणजे ज्या खोकल्याच्या बाटल्या घरोघरी निर्धोक समजल्या जातात नेमक्या त्यांच्यावर. शिक्षकांनी हे वहीत लिहून घेतले आणि संघातल्या आणखी दोन मुलींच्या घरी फोन केले.

त्यांनी सरावाची सुरुवातही बदलली. थेट फेऱ्यांऐवजी पंधरा मिनिटे थांबत-थांबत छोट्या जोरदार धावा. सुमारे निम्म्या मुलांत अशा तयारीनंतर दोन-तीन तास श्वासनलिका तितक्या जोराने आवळत नाही. ही मदत औषधाची जागा घेत नाही, पण ती फुकट मिळते. आठव्या आठवड्यानंतर सालब्युटामॉल रोजच्या सरावाआधी बंद करून फक्त सामन्यांपुरते ठेवले.

जानेवारीत एका संध्याकाळी शेजारच्या रानात पाचट पेटवले गेले आणि तिला घरातच धाप लागली. आजीने कागद पाहून चार पफ दिले, वीस मिनिटांनी आणखी चार दिले, आणि वडील तिला घेऊन निघाले तोवर ती पूर्ण वाक्ये बोलत होती. माझ्याकडे आली तेव्हा छातीत थोडीच शिट्टी उरली होती. तोंडावाटे स्टिरॉइड द्यावे लागले नाही.

बाराव्या आठवड्यात, आधी काहीही न घेता, सहा मिनिटांच्या धावेनंतर पीक फ्लो २७० वरून २४५ वर आला. घसरण ९ टक्के. खोकला आला नाही. रात्रीचा खोकला आधीच थांबला होता. पंपावरचा आकडा आता वहीतल्या नोंदींशी जुळत होता. फॉर्मोटेरॉलची गरज पडली नाही.

मे महिन्यात, गळीत संपून हवा निवळल्यावर आणि सलग तीन महिने नियंत्रण टिकल्यावर, ब्युडेसोनाइडची मात्रा निम्मी केली. आता रोज रात्री एकच पफ. उंची १३७ सेंटिमीटर भरली. पावसाळ्याच्या पहिल्या सर्दीत ही निम्मी मात्रा पुरते का, हे पाहायचे आहे. त्यासाठी पीक फ्लो मीटर तिच्या घरी ठेवला आहे, आणि वही आईपेक्षा तीच अधिक नेमाने भरते.